उंच माणसाचे हात

आमच्या शाळेत बास्केटबॉलची निवड फार सोपी होती. पीटीचे सर प्रार्थनेच्या रांगेवरून नजर फिरवायचे आणि जी डोकी रांगेच्या वर निघालेली दिसतील ती उचलायचे. आठवीत माझं डोकं असं निघालं. नागपूरच्या उन्हात तापलेलं सिमेंटचं कोर्ट, जाळी नसलेली रिंग, आणि तिच्याखाली मी. "तू इथून हलायचं नाही," एवढंच माझं प्रशिक्षण. चेंडू आला की पकडायचा आणि ठेंगण्या, चपळ पोरांच्या हवाली करायचा. पण चेंडू माझ्या हातांवर यायचा आणि दगडावर पडल्यासारखा उडून जायचा. "हात आहेत की वरवंटे बे?" सर ओरडायचे. "मऊ ठेव. अंडं झेलतोय समज."

अंडं मला कधी झेलता आलं नाही. पण ते झेलणारा माणूस मी पाहिला, कॉलेजात असताना, केबलवर. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज नावाच्या संघाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू. उंची 7 फूट 1 इंच. दाढीचे खुंट, खांदे जरा पडलेले, धावताना बस सुटू नये म्हणून निघालेल्या काकांसारखा. फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मोकळा चेंडू टाकतात त्या, रेषेवर तो रिंगकडे पाठ करून उभा राहायचा, चेंडू डोक्यावर एका हातात धरायचा, जणू फळीवर ठेवलाय. मग आजूबाजूला चार माणसं पळू लागायची, एकमेकांना अडवत, वळसे घेत. हा तसाच उभा. आणि मध्येच, ज्या दिशेला तो बघतही नव्हता त्या दिशेला, चेंडू निघालेला असायचा. जमिनीवर एक टप्पा, आणि रिंगखाली पोचलेल्या कुणाच्यातरी ओंजळीत.

रिंगखाली उभं राहण्याची शिक्षा झालेल्या मुलाला हे बघताना काय वाटलं असेल ते सांगायला नको. उंच माणूस संपूर्ण खेळ चालवू शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याचं नाव व्लादे दिवाच. इथे थोडं थांबतो, कारण इंग्रजी समालोचकांनी या नावाचे फार हाल केले आणि आपल्याला मात्र ते आयतं जमतं. दिवाचमधला च हा चाकातला, चांदण्यातला च आहे. त्याच्या ज्या मित्राबद्दल पुढे बरंच लिहिणार आहे, त्या द्राझेन पेत्रोविचच्या आडनावाच्या शेवटचा च चिमणीतला. आता नकाशावर नसलेला त्यांचा देश युगोस्लाव्हिया, सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया अशा गणराज्यांचा. तिथल्या लिपीत या दोघांना वेगवेगळी अक्षरं आहेत. आपण एकाच अक्षरात दोन्ही च बसवतो आणि कुठला कुठे म्हणायचा ते कुणी न शिकवता आपल्याला कळतं. एका घरात दोन उच्चार नांदू शकतात. त्या देशाला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

दिवाचचा जन्म 3 फेब्रुवारी 1968 चा, प्रियेपोल्ये या गावातला. सर्बियाच्या नैर्ऋत्य टोकाला, लिम नदीच्या काठी, डोंगरांच्या कुशीत. एका बाजूला बोस्निया, एका बाजूला माँटेनेग्रो. गावात सर्ब ख्रिस्ती आणि बोस्नियाक मुसलमान दोघंही पिढ्यानपिढ्या राहणारे. गावाजवळच मिलेशेवाचा जुना मठ, त्याच्या भिंतीवर तेराव्या शतकातला पांढऱ्या वस्त्रातला देवदूत रंगवलेला. हाताने रिकाम्या थडग्याकडे बोट दाखवणारा. हातांची गोष्ट लिहायला बसलो म्हणून तोही हात आठवला, एरवी त्याचा बास्केटबॉलशी काही संबंध नाही.

उंच पोरगं गावात राहत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी दिवाच घर सोडून क्राल्येवोला गेला, तिथल्या स्लोगा क्लबकडून खेळायला. मग 1986 साली बेलग्रेडचा पार्तिझान. युगोस्लाव्हियात बास्केटबॉल हा नुसता खेळ नव्हता, ती एक शिकण्याची पद्धत होती. उंच पोरालासुद्धा ड्रिबल, म्हणजे टप्पे पाडत चेंडू नेणं, शिकवायचे, पास शिकवायचे, लांबून बास्केट टाकायला लावायचे. आमच्या सरांचं "इथून हलायचं नाही" तिथे चाललं नसतं. म्हणून तर तिथून अशी उंच माणसं निघाली ज्यांच्या हातात चेंडू गेला की खेळ थांबत नाही, सुरू होतो.

त्याच वर्षी, अठराव्या वर्षी, त्याला राष्ट्रीय संघात घेतलं. माद्रिदला जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर सोव्हिएत संघ. शेवटचं मिनिट चालू, युगोस्लाव्हिया 9 गुणांनी पुढे. सामना संपलेलाच होता. मग सोव्हिएत खेळाडूंनी लांबून एक तीन गुणांचं बास्केट टाकलं. मग दुसरं. तरीही चेंडू युगोस्लाव्हियाकडे होता, नुसता धरून ठेवला असता तरी भागलं असतं. चेंडू होता दिवाचच्या हातात. त्याने ड्रिबल केला, थांबवला, आणि पुन्हा ड्रिबल केला. डबल ड्रिबल. शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात ती चूक. चेंडू सोव्हिएतकडे गेला, वाल्दिस वाल्तेर्सने तिसरं बास्केट टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत युगोस्लाव्हिया 91-90 असा हरला.

एका गुणाने. अठरा वर्षांच्या पोराच्या हातून.

ती चूक मी नंतर बऱ्याच वेळा पाहिली आहे. बघताना दरवेळी वाटतं, यावेळी तो दुसऱ्यांदा चेंडूचा टप्पा पाडणार नाही.

पुढची तीन-चार वर्षं मात्र सोन्याची. 1987 साली इटलीतल्या बोर्मियो गावात ज्युनियर जागतिक स्पर्धा झाली. दिवाच, स्प्लिटचे टोनी कुकोच आणि दिनो राजा (आडनावच राजा!), बेलग्रेडचा जॉर्जेविच. प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच. त्या पोरांनी अमेरिकेला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं. 1988 साली सोल ऑलिंपिकमध्ये रौप्य. 1989 साली युरोपियन अजिंक्यपद, आणि तेही झाग्रेबमध्ये, क्रोएशियाच्या राजधानीत. सर्ब दिवाच आणि क्रोएट पेत्रोविच एकाच रंगाच्या बनियनमध्ये झाग्रेबच्या प्रेक्षकांसमोर जिंकले आणि त्या प्रेक्षकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. चौदा महिन्यांनंतर हे वाक्य लिहिणंसुद्धा अवघड होणार होतं.

द्राझेन पेत्रोविच दिवाचहून तीन वर्षांनी मोठा, अड्रियाटिकच्या किनाऱ्यावरच्या शिबेनिकचा. खेळाची शपथ घेतल्यासारखा माणूस. दिवाचचं उलट. हसणारा, गप्पिष्ट, सिगारेट ओढणारा, सराव संपल्याचा आनंद चेहऱ्यावर दाखवणारा. अशा दोघांचीच मैत्री होते, हे आपण कॉलेजच्या हॉस्टेलवर पाहिलेलं असतं: एक पहाटे उठून अभ्यास करणारा, दुसरा त्याला चहाला बाहेर ओढणारा. राष्ट्रीय संघात ते एका खोलीत राहायचे. 1989 च्या उन्हाळ्यात दोघंही अमेरिकेला गेले. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) दिवाचला लॉस एंजेलिस लेकर्सनी 26 व्या क्रमांकावर निवडलं होतं आणि तो अशा जागेवर जाऊन उभा राहिला जी करीम अब्दुल-जब्बारने नुकतीच रिकामी केली होती. पेत्रोविच पोर्टलंडला, पण तिथे त्याच्या जागेवर ड्रेक्सलर आणि पोर्टर असल्याने बाकावर. युरोपातला सगळ्यात मोठा खेळाडू बाकावर बसलेला.

दिवाच लेकर्सचा लाडका झाला. इंग्रजी येत नव्हतं, हसता येत होतं. मॅजिक जॉन्सनच्या पासला हात मऊ लागायचे, ते त्याच्याकडे होते. पहिल्याच हंगामात नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत त्याची निवड झाली. आणि रोज फोन. पेत्रोविच पोर्टलंडहून, दिवाच लॉस एंजेलिसहून. एकाला खेळायला मिळत नाही म्हणून तडफड, दुसऱ्याचं समजावणं. परक्या देशात आपल्या भाषेत बोलायला मिळालेलं ते एक माणूस. परदेशात राहिलेल्या कुणालाही हे फोन काय असतात ते ठाऊक आहे. त्यात बातमी अशी नसतेच, आवाज असतो.

मग ब्यूनस आयर्स. ऑगस्ट 1990.

त्याआधीच्या महिन्यांत घरी काय चाललं होतं ते थोडक्यात सांगायला हवं. क्रोएशियात निवडणुका होऊन तुज्मानचा राष्ट्रवादी पक्ष सत्तेवर आला होता. 13 मे रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानात झाग्रेबचा दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांच्या फुटबॉल सामन्यात दंगल उसळली होती. बेलग्रेडमध्ये सर्ब राष्ट्रवादाचा नेता मिलोशेविच. प्रत्येक गणराज्यात जुने झेंडे कपाटातून बाहेर येत होते. आणि या सगळ्यात, अर्जेंटिनात, बारा माणसं एका देशाच्या नावाने खेळत होती. सर्ब प्रशिक्षक दुशान इव्कोविच, क्रोएट पेत्रोविच आणि कुकोच, स्लोव्हेनियाचा यूरे झ्दोव्च, माँटेनेग्रोचा पास्पाल्य, सर्ब दिवाच. उपांत्य फेरीत त्यांनी अमेरिकेला हरवलं, अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला, 92-75 असं. माद्रिदचा हिशोबही चुकता झाला.

शिटी वाजली. प्रेक्षक कोर्टवर धावले. त्यात एक जण क्रोएशियाचा झेंडा घेऊन आला. दिवाचच्या सांगण्यानुसार त्याने त्या माणसाला म्हटलं की हा विजय युगोस्लाव्हियाचा आहे, इथे हा झेंडा नको. त्या माणसाने युगोस्लाव्ह झेंड्याबद्दल वाकडं काही म्हटलं. आणि दिवाचने हात पुढे केला आणि झेंडा त्याच्या हातून ओढून घेतला.

चित्रफीत काही सेकंदांची आहे.

त्या काही सेकंदांनी त्याला बेलग्रेडमध्ये वीर केलं आणि झाग्रेबमध्ये खलनायक. दोन्ही पदव्या त्याने मागितल्या नव्हत्या. पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला की तिथे सर्बियाचा झेंडा असता तरी मी तेच केलं असतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण मला नेहमी वाटतं, तो सांगतो ते कारण आहे आणि हात गेला ते वेगळं काही आहे. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत उडालेला चेंडू, घेणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवलेली असते: समोर हवेत जे हलतंय ते आपलं, आधी ओढ, मग बघ. विचार करेपर्यंत चेंडू दुसऱ्याचा झालेला असतो. हजारो वेळा गिरवलेली ती हालचाल. त्या रात्री हवेत चेंडू नव्हता, कापड होतं.

यावर कुणी म्हणेल, हे फार कौतुकाचं स्पष्टीकरण झालं. असेल. माणूस बावीस वर्षांचा होता, त्याच्याही देशात विष भिनत होतं, त्याच्या मनात काहीच नसेल असं कशावरून? तेही खरं. आणि ज्याच्या हातून झेंडा गेला त्याला हे स्पष्टीकरण ऐकवून काय उपयोग? झेंडा हातातून ओढला गेला की ओढणाऱ्याचा हेतू कुणी विचारत नाही. आपल्याकडेही नाही विचारत.

पेत्रोविचने विचारला असता, असं दिवाचला वाटत होतं. पण फोन हळूहळू बंद पडले. भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं, निदान काही बोललं गेलं असतं. पेत्रोविच क्रोएशियाचा होता, त्याच्या लोकांना त्याच्याकडून काय हवं होतं तेही त्याला कळत होतं. जून 1991 मध्ये रोमला युरोपियन स्पर्धा चालू असतानाच स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झ्दोव्चला उपांत्य सामन्याआधी घरून निरोप आला: खेळू नकोस. तो खोलीत बसला. बाकीच्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पेत्रोविच त्या स्पर्धेला आलाच नव्हता. एकत्र जिंकलेलं ते शेवटचं पदक. त्यानंतर आठवड्याभरात नाही तर महिन्याभरात ज्या गावांतून ही पोरं आली त्या गावांमधून तोफा फिरू लागल्या.

आपल्याकडे भाऊबंदकी नावाचा एक शब्द आहे. भाऊ असणं आणि वैरी असणं एकाच शब्दात बसवणारी भाषा फार अनुभवी असली पाहिजे. माझ्या आजोळी दोन घरं आहेत, मध्ये एक बांध. बांधावरून बोलणं बंद झालं ते माझ्या आईच्या लग्नाआधी. दोन्ही घरांतली माणसं एकमेकांच्या दहाव्याला मात्र जातात, कोपऱ्यात उभी राहतात, परत येतात. लहानपणी मला हे ढोंग वाटायचं. आता वाटत नाही. निदान जायला तरी मिळतं.

दिवाचला मिळालं नाही. 7 जून 1993. पेत्रोविच क्रोएशियाच्या संघाबरोबर पोलंडहून परतत होता. फ्रँकफर्टहून बाकीचे विमानाने गेले, तो गाडीने निघाला. पाऊस होता. बव्हेरियात डेंकेनडॉर्फजवळ महामार्गावर एक ट्रक आडवा झाला होता. पेत्रोविच शेजारच्या सीटवर झोपलेला होता. वय 28. त्या हंगामात न्यू जर्सी नेट्सकडून सामन्यामागे 22.3 गुण करून त्याने अमेरिकेला एकदाचं आपलं म्हणणं पटवून दिलं होतं. आदल्या वर्षी बार्सिलोनात क्रोएशियाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं, अमेरिकेच्या त्या प्रसिद्ध ड्रीम टीमसमोर. त्या ऑलिंपिकमध्ये दिवाचचा संघ नव्हताच, संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे. एक मित्र पदकाच्या व्यासपीठावर, दुसऱ्याच्या देशाला मैदानातच बंदी.

झाग्रेबला लोटलेल्या त्या अंत्ययात्रेत सर्ब माणसाला, त्यातून त्या सर्ब माणसाला, पाय ठेवणं शक्य नव्हतं.

1995 साली निर्बंध उठल्यावर अथेन्समध्ये उरलेल्या युगोस्लाव्हियाने, म्हणजे सर्बिया आणि माँटेनेग्रोने, पुन्हा युरोप जिंकला. जॉर्जेविचने अंतिम सामन्यात 41 गुण केले. तिसऱ्या पायरीवर क्रोएशिया होता: कुकोच, राजा, बोर्मियोची तीच पोरं. सुवर्ण विजेत्यांचं राष्ट्रगीत वाजायच्या आधी ते पायरीवरून उतरून चालते झाले. आठ वर्षांपूर्वी ती पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

लेकर्सच्या दिवसांबद्दल मी घाईत लिहितो आहे, कारण त्यात मला फारसा रस नाही. 1996 मध्ये शकील ओ'नीलसाठी पगाराची जागा मोकळी करायला लेकर्सनी दिवाचला शार्लटला पाठवलं आणि बदल्यात कोबे ब्रायंट नावाच्या सतरा वर्षांच्या पोराचे हक्क घेतले. लॉस एंजेलिस सोडायचं तर मी खेळणंच सोडतो, असं दिवाच म्हणत होता. मग तयार झाला. अमेरिकेत त्याला विचारलं जाणारं पहिलं वाक्य कित्येक वर्षं हेच असायचं: कोबेच्या बदल्यात गेलेला तो तूच ना? माणसाच्या कारकिर्दीचा असा दर ठरवला जातो हे फारच चमत्कारिक आहे.

सॅक्रामेंटो मात्र त्याचं गाव झालं. क्रिस वेबर, पेजा स्टोयाकोविच, प्रशिक्षक रिक अॅडलमन, आणि प्रिन्स्टनहून आलेले म्हातारे सहायक पीट कॅरिल, ज्यांची सगळी पद्धतच पास आणि हालचालीवर उभी होती. युगोस्लाव्हियात लहानपणी शिकलेला खेळ दिवाचला कॅलिफोर्नियात परत सापडला. ज्या 1999 च्या वसंतात तो हा खेळ खेळत होता, त्याच वसंतात 78 दिवस नाटोची विमानं त्याच्या देशावर बाँब टाकत होती. त्याचे लोक तिकडेच होते. संध्याकाळी सामना, रात्री घरी फोन. या काळात आणि आधीही त्याने निर्वासितांसाठी, युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी बरंच केलं. सर्व बाजूंच्या मुलांसाठी. त्याने आणि त्याच्या बायकोने आईबाप गमावलेल्या एका मुलीला दत्तकही घेतलं. 2000 साली त्याला लीगचा समाजकार्याचा पुरस्कार मिळाला. त्या बातमीखाली झेंड्याची आठवण काढणारं कुणीतरी असणारच, असं मला उगाच वाटतं.

आणि मग तो चेंडू.

26 मे 2002, लॉस एंजेलिस. पश्चिम विभागाची अंतिम मालिका, चौथा सामना. किंग्ज मालिकेत 2-1 पुढे. या सामन्यात एकदा 24 गुणांनी पुढे होते, ते घसरत घसरत 99-97 वर आलं. काही सेकंद उरलेले. कोबेने प्रयत्न केला, चुकला. ओ'नीलने रिबाउंडवरून पुन्हा टाकला, तोही चुकला. चेंडू रिंगखालच्या गर्दीत हवेत. तिथे लेकर्सचा कुणीही माणूस तो ढकलून आत घालू शकला असता. दिवाचने जे करायला हवं तेच केलं. हात वर नेला आणि चेंडू त्या गर्दीतून दूर, बाहेर टोलवला. रिंगपासून जितका लांब तितका बरा, घड्याळ संपतच आलंय.

चेंडू एक टप्पा घेऊन तीन गुणांच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या रॉबर्ट ऑरीच्या हातात गेला. नुसता गेला नाही, पास दिल्यासारखा गेला. छातीच्या उंचीवर, नेमका. ऑरीने फेकला. घंटा वाजली तेव्हा चेंडू हवेत होता. 100-99.

हा सामना मी तेव्हा थेट पाहिला नाही, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पण नंतर जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा माझी नजर ऑरीकडे जात नाही. चेंडू हातातून निघाल्यावर मागे वळून बघणाऱ्या उंच माणसाकडे जाते. सोळा वर्षांपूर्वी माद्रिदला त्याने चूक केली होती आणि चेंडू गेला होता. इथे चूक केलीच नव्हती. कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, तो म्हणेल, बरोबर केलंस. किंग्ज ती मालिका सातव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, जादा वेळेत हरले. त्या सामन्यात तीसपैकी सोळाच फ्री थ्रो पडले त्यांचे, पण ते कुणाला आठवत नाही. आठवतो तो टोलवलेला चेंडू.

त्याच वर्षी सप्टेंबरात इंडियानापोलिसला त्याचा युगोस्लाव्हिया जगज्जेता झाला, वाटेत अमेरिकेला अमेरिकेत हरवून. ते पदक युगोस्लाव्हिया या नावाने जिंकलेलं शेवटचं जागतिक विजेतेपद. काही महिन्यांतच ते नावही पुसलं गेलं. दिवाच 2005 मध्ये निवृत्त झाला: 13,398 गुण, 9,326 रिबाउंड, 3,541 असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास. सॅक्रामेंटोने त्याचा 21 क्रमांक छताला टांगला. मग सर्बियाच्या ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष. 2015 मध्ये पुन्हा सॅक्रामेंटो, यावेळी कार्यालयात. त्याला बोलावणारा मालक होता आपला विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेला, जुहूत वाढलेला. 2018 मध्ये किंग्जना ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली तेव्हा समोर स्लोव्हेनियाचा एकोणीस वर्षांचा लुका डोंचिच उभा होता. दिवाचचाच खेळ खेळणारा, मऊ हातांचा, त्या जुन्या शाळेतला. दिवाचने मार्विन बॅगलीला घेतलं. या एका निर्णयावर सॅक्रामेंटोची माणसं अजून चिडलेली आहेत आणि माझ्याकडेही त्याच्या बाजूने बोलायला काही नाही. सगळ्या आयुष्यात हाताने जे ओळखलं, ते टेबलाशी बसून ओळखता आलं नाही एवढंच.

ऑक्टोबर 2019 मध्ये तोच किंग्जचा संघ मुंबईत आला. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने, भारतातले एनबीएचे पहिलेच. नागपूरहून रात्रीच्या गाडीने मी दुसऱ्या सामन्याला गेलो. किंग्ज दोन्ही हरले, आमचा 106-130 असा. शेजारच्या रांगेत दहा-बारा वर्षांची एक मुलगी होती, तिच्या वयाच्या मानाने बरीच उंच, आणि तिचे बाबा तिला दर दोन मिनिटांनी "रिंगखालच्या त्या माणसाकडे बघ" म्हणत होते. मी मात्र खेळाडूंच्या बाकामागे, सूट घातलेल्या माणसांत, पडलेल्या खांद्यांचा एक उंच माणूस शोधत बसलो. लांबून नीट दिसत नव्हतं. दोनदा वाटलं, तो असावा. दोन्हीदा नव्हता.

त्याच्या सात-आठ वर्षं आधी कधीतरी, रात्री जागून, मी 2010 सालचा एक माहितीपट पाहिला होता. त्यासाठी दिवाच कित्येक वर्षांनी झाग्रेबला गेला. रस्त्यावरून चालतो आहे. एवढा उंच माणूस लपणार कुठे? लोक वळून बघतात, आणि त्या बघण्यात काय आहे ते त्याला कळतं. तो पेत्रोविचच्या घरी जातो. आई बिसेर्का आणि भाऊ आलेक्सांदर, जो त्यांच्याच 1986 च्या संघात होता, त्याला आत घेतात. बसायला सांगतात. सतरा वर्षांनी. ती म्हातारी बाई त्याच्याशी कुणा परक्याशी बोलावं तसं बोलत नाही.

मग मिरोगोयच्या स्मशानभूमीत तो थडग्याशी उभा राहतो. खिशातून दोघांचा एक जुना फोटो काढतो. खाली वाकायला त्याला वेळ लागतो, एवढ्या उंच माणसाला लागतोच. फोटो दगडावर ठेवतो, आणि हात लगेच मागे घेत नाही.